राज्यपालांचे मौन आणि बारा जागा

अमेरिकेत अध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्या पक्षाची झाली की कारभार अडतो. सिनेटमध्ये १०० पैकी ६० सभासद अनुकूल नसतील तर बहुतेक विधेयकांवरची चर्चाच बंद करता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्थैर्यापेक्षा रोजच्या जबाबदारीला अधिक मोल देणारी संसदीय पद्धती पत्करली. तेव्हा असा पेच आपल्याकडे पडणार नाही, असे आपण धरून चाललो.

तो महाराष्ट्रात पडला. कलम १७१ अन्वये राज्यपाल विधान परिषदेवर साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतील माणसे नेमतात. (सहकार म्हणजे काय हे आमच्या नगर जिल्ह्याला सांगायला नको, साहित्यिक मात्र अशा याद्यांत शोधावा लागतो.) नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने बारा नावे पाठविली. राज्यपाल हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी मुदतीत निर्णय व्हावा असे सांगितले. तरी जागा रिकाम्याच. २०२२ मध्ये सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने ती यादीच परत घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जण नेमले गेले.

नकाराशी वाद घालता येतो. मौनाशी कसा घालणार? कलमात मुदतच नाही. विधेयकांच्या बाबतीत तर न्यायालयाने राज्यपालांना मुदत घालून देऊ नये, असे मत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. म्हणजे मुदत हवी असेल तर घटनादुरुस्ती करावी लागेल, आणि ती संसदेच्या हाती. केंद्रातला कोणताही सत्ताधारी पक्ष आपणच नेमलेल्या राज्यपालाचे हात बांधायला राजी होईल, असे मला दिसत नाही.