गाडीत ओहम, कानात सोहम!

रिमोटमधला पेन्सिल सेल काढा. हो, तोच दीड व्होल्टवाला! गाडीच्या दारातून सोडवलेल्या स्पीकरच्या दोन टोकांना दोन वायरी जोडा, त्या सेलला टेकवा आणि लगेच उचला. टप्! कोन बाहेर उडी मारतो की आत दबतो? बाहेर आला तर सेलच्या प्लसकडचं टोक प्लस. आत गेला तर तेच टोक मायनस. झाली टेस्ट, खर्च शून्य!

हा खेळ ट्वीटरवर मात्र रंगत नाही. त्याच्या वाटेत छोटा कपॅसिटर पहारेकऱ्यासारखा बसलेला असतो आणि तो सेलचा सरळ करंट अडवतो.

एवढं प्लस-मायनस कशाला बघायचं? माहीत आहे का, वायरी उलट लागल्या तरी स्पीकर वाजतोच! म्हणून तर चूक पटकन कळत नाही. डावा स्पीकर हवा पुढे ढकलतो, नेमका त्याच क्षणी उजवा मागे ओढतो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ढोलाचा ठोका पोकळ होतो, गायकाचा आवाज समोरून येण्याऐवजी गाडीभर भटकतो. नवे महागडे स्पीकर लावूनही 'जुनेच बरे होते' असं वाटलं, तर आधी ही उलटसुलट तपासा. बऱ्याचदा दोन वायरींची अदलाबदल केली की हरवलेला बेस घरी परततो. मला तर ही जादू दर वेळी नवी वाटते.

जादू जुनी आहे, बरं का! चुंबकात हलणारी कॉइल आणि तिला चिकटलेला कागदी कोन, हे रूप चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलं. ते दोघं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. तुमच्या दारातला स्पीकर आजही त्याच तत्त्वावर थरथरतो.

आता रंगांची मैफल! बाजारातून आणलेल्या बहुतेक डेकच्या मागे पांढरी वायर पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची. पूर्ण रंगाची प्लस, काळा पट्टा असलेली मायनस. कराटेत काळा पट्टा म्हणजे शान, इथे काळा पट्टा म्हणजे मायनस! फक्त एक लक्षात ठेवा. हे रंग डेकचे. दारात येणाऱ्या कंपनीच्या वायरी ज्या त्या कार कंपनीच्या आपापल्या रंगात असतात, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

आणि तो मायनस म्हणजे अर्थिंग नव्हे! आजकालच्या बहुतेक डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल खेळतो. मायनस बॉडीला टेकवला की डेक गप्प, कधी कायमचा.

माहीत आहे का, डेकच्या खोक्यावरचे '५० वॉट × ४' कुठून येतात? गणित करा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. त्याचा वर्ग केला, स्पीकरच्या ४ ओहमने भागला, की आले ५१.८४! पण हे झालं आवाज पार फाटेपर्यंत पिळल्यावर. स्वच्छ सुरात त्याच्या निम्मेच, फार तर २५ वॉट. म्हणून कंपनीच्याच डेकवर नवे स्पीकर लावणार असाल तर वॉटच्या मोठ्या आकड्यावर भाळू नका. सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघा. तो ३ डेसिबलने जास्त असला तर तेवढाच आवाज निम्म्या पॉवरमध्ये!

बाकी स्पीकर हा प्राणी उधळ्याच. १०० वॉट दिले तर आवाज होतो जेमतेम एक वॉटचा, उरलेली सगळी उष्णता. संगीत कमी, शेगडी जास्त!

ओहम शांती ओहम! जर्मन मास्तर गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम आज डेक वाचवतो. गाडीतले स्पीकर सहसा ४ ओहमचे, पण मीटर लावला तर आकडा साडेतीनच्या आसपास दिसतो. घाबरू नका, स्पीकर खराब नाही. काही 'प्रीमियम' कंपनी सिस्टीममध्ये मात्र २ ओहमचे किंवा त्याहून कमीचे असतात. तिथे ४ ओहमचे लावले की पॉवर निम्मी. आणि ४ ओहमच्या डेकला २ ओहमचे लावले की करंट दुप्पट, डेक तापला! जुना स्पीकर हातात आल्यावर त्याच्या पाठीवर काय छापलंय ते वाचा, मगच मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबा गाठा.

तिथून आणखी एक गोष्ट आणाच. तुमच्या गाडीच्या मॉडेलचा कपलर! एका बाजूला कंपनीचं सॉकेट, दुसऱ्या बाजूला नव्या स्पीकरची टोकं. कंपनीची वायर कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळणं मला अजिबात बघवत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात टेपचा गोंद पाघळतो आणि जोड उघडा पडतो. कपलर असेल तर गाडी विकताना जुने स्पीकर दोन मिनिटांत परत जागेवर!

झटपट ब्रेक: मोटोरोला हे नाव आधी एका कार रेडिओचं होतं, १९३० सालचं. ते इतकं गाजलं की १९४७ मध्ये अख्ख्या कंपनीनंच ते घेतलं!

पावसाळ्याचं काय? माहीत आहे का, गाडीच्या दारात पाणी शिरतंच! काचेच्या फटीतून आत, तळाच्या भोकांतून बाहेर, अशीच रचना असते. मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, तो पाणी तुमच्या पायांपर्यंत येऊ देत नाही. स्पीकर बदलताना घाईत तो फाडला, तर कोकणातल्या जुलैत मॅट भिजलंच म्हणून समजा. हळूच सोडवा, तसाच परत चिकटवा.

सगळं बसलं? थांबा, गाणं नंतर! आधी इंडिकेटर लावा. बऱ्याच नव्या गाड्यांत ती 'टिक-टॉक' रिलेची नसतेच, ती स्पीकरमधूनच येते. सीटबेल्टची टिंगटिंगही कधी कधी तिथूनच. ऐकू आली? मग वाढवा व्हॉल्यूम!