नारळीखालची काँटेसा

काँटेसाला 'भारताची मसल कार' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. गंमत अशी, की ते भांडण मी काँटेसाच्या बाजूनं करतो. पोंतियाकनं १९६४ साली मध्यम अंगाच्या गाडीत ३८९ घनइंची, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-आठ इंजिन बसवून जीटीओ काढली, ती मसल कार. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ साली व्हॉक्झॉल व्हिक्टरच्या ऐसपैस सांगाड्यात अँबॅसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन बसवलं. पन्नासेक घोड्यांच्या जिवावर टनाहून जड गाडी. खंबाटकी चढताना मागच्या ट्रकवाल्याला जांभया येत. मसल होती ती पत्र्यात, इंजिनात नव्हती. हे एकदा मान्य केलं, की या गाडीवर मोकळ्या मनानं प्रेम करता येतं.

संपादकांना मात्र नुसती काँटेसा नको होती. जुन्या, टाकून दिलेल्या गाड्या उचलून उभ्या करण्याच्या आपल्याकडच्या छंदाचा आढावा हवा होता. तो देतो, पण माझ्या पद्धतीनं.

संस्थानिकांच्या गाड्यांबद्दल भरपूर लिहून झालंय. रोल्स, डेमलर, चांदीचे दिवे, शिकारीसाठी कापलेली टपं. स्टेट्समनची रॅली १९६४ पासून सुरू आहे आणि तिथे दरवर्षी तीच वाक्यं ऐकू येतात. त्यातली मला आवडते ती एकच, कोल्हापूरची १९३६ ची मायबाख. कारण ती दसऱ्याला अजून बाहेर पडते, लोक तिला हात लावतात, पोरं तिच्यामागे धावतात. काचेत ठेवलेल्या गाडीला मी गाडी म्हणत नाही. हे वाक्य लिहिलं की दरवर्षी दोन पत्रं येतात. यंदाही येऊ देत.

दुसरा ओघ मुंबईतला. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डही मुंबईत होती. सुटे भाग आणून नुसती जोडणी करायची तर चालणार नाही, गाडी इथेच बनवा, असं १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं आणि दोघांनी गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर राहिली. तिच्याकडे क्रायस्लरचा करार होता, म्हणून आपल्या बापजाद्यांनी डॉज, प्लिमथ, डिसोटो पाहिल्या. अमेरिकेत ज्या घराण्यांतून पुढे चार्जर आणि रोडरनर निघाल्या, त्यांच्या थोरल्या बहिणी गिरगावात टॅक्सी म्हणून राबल्या. खऱ्या मसल कार इथे आल्या त्या वकिलातींच्या सामानातून, आणि साहेब परत गेल्यावर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या कोणाच्या गॅरेजात आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, आणि विकायला निघाल्या की किंमत फक्त कानात सांगितली जाते.

फियाटवर एक परिच्छेदही पुरे. १९५४ पासूनची अकराशे, मग डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी. सुटे भाग अजून मिळतात, मिस्त्री डोळे मिटून इंजिन उतरवतो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी गळे काढले. त्यातल्या किती जणांनी एखादी घरी नेली? फियाट नवशिक्यासाठी उत्तम. एवढं बोलून पुढे जातो.

आता माझी गाडी.

व्हिक्टर लंडनजवळच्या ल्यूटनमध्ये जन्मली. व्हॉक्झॉल ही तेव्हा जनरल मोटर्सचीच इंग्रज शाखा, त्यामुळे काँटेसा आणि जीटीओ एका कुळातल्या, लांबच्या नात्यातल्या. लांब बॉनेट, चार हेडलाइट, रुंद कंबर यांचा उगम तिथे आहे. चित्रपटांनी काँटेसा खलनायकाला दिली, सरकारनं मंत्र्यांना. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, घोडे अठ्ठ्याऐंशी झाले, आणि ही गाडी आधीच अशी का नाही काढली, असं प्रत्येकाला वाटलं. डिझेल आली, टॅक्सीवाले खूश झाले. २००२ मध्ये उत्तरपाड्यात सगळं थांबलं. मद्रासच्या स्टँडर्डनं १९८५ मध्ये हाच खेळ रोव्हरच्या देखण्या अंगाशी केला, आत व्हॅनगार्डच्या काळचं इंजिन कोंबलं. ती तर तीनेक वर्षांत संपली. भारदस्त अंग आणि दमेकरी छाती, हा त्या दशकाचा आजारच होता. परवाना होता, परकीय चलन नव्हतं, आणि इंजिनाची ओतशाळा नव्यानं उभारण्यापेक्षा परदेशातल्या बंद पडलेल्या गाडीचे साचे विकत घेणं स्वस्त पडत होतं.

आमच्यातला एक पंथ म्हणतो, मग आता तिला मोठं इंजिन द्या, नाकावर जाळी बदला, पट्टे ओढा, मुस्टँग करा. या मंडळींची नावं घेत नाही. त्यांची चित्रफीत तुमच्या नातवानं तुम्हाला दाखवलेलीच असेल. माझा आक्षेप साधा आहे. मुस्टँग हवी असेल तर मुस्टँग घ्यावी. पन्नास घोड्यांच्या गाडीतून त्या काळचा देश दिसतो, तो खोडून काय मिळतं? पाप मात्र कबूल करतो: १९९८ मध्ये मीही एका पंधराशेच्या काँटेसात इसुझू घातलं. पळाली चांगली. आरटीओत इंजिन नंबर जुळेना तेव्हा अकरा महिने दाराशी उभी राहिली, आणि माझ्यातला सुधारक तिथेच वारला.

तर माझी ही काँटेसा मिळाली ती ओरत्तनाडुला. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर पंचविसेक किलोमीटर. तिथे जाण्याचं निमित्त माझे तंजावरचे स्नेही, तिथल्या रीतीप्रमाणे 'रायर'. त्यांच्या घरात अजून मराठी बोलतात. क्रियापदांना तमिळ वळण, आणि मध्येच असा एखादा शब्द येतो की आपली आजी आठवावी. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरून ठेवणाऱ्यांचे ते वारस. मी त्यांना एकदा पुण्याच्या जुन्या बाजारात नेलं होतं, बुधवारी. तेव्हापासून तेही बाधित झाले. २०१९ च्या पावसाळ्यानंतर त्यांचा फोन आला, "अण्णा, एक काँटेसा बसली आहे. नारळ पडला आहे तिच्यावर."

नारळ म्हणजे झाड. आदल्या वर्षी, १६ नोव्हेंबर २०१८ ला, गजा वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागलं आणि या पट्ट्यातल्या नारळीच्या बागा आडव्या केल्या. ज्या झावळ्यांच्या मांडवाखाली ही गाडी पंधरा वर्षं उभी होती, तो मांडव आणि शेजारचं झाड दोन्ही तिच्या टपावर. मालक वारले होते, मुलं सिंगापूरला. म्हातारी आई म्हणाली, न्या एकदाची, साप होतात.

या छंदात नवे येणारे पहिल्यांदा बॉनेट उघडतात. मी शेवटी उघडतो. काँटेसाला वेगळी चेसिस नाही. पत्रा म्हणजेच सांगाडा. इंजिन बोअर करून मिळतं, पत्रा मिळत नाही. म्हणून खिशात लोहचुंबक. दाराखालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर फिरवायचं. जिथे ते घसरून पडलं, तिथे आत पत्रा नाही, नुसती लांबी भरलेली. मग गालिचा उचलून पायाखालची जमीन, डिकीत स्टेपनीचा खड्डा, पुढच्या काचेच्या बुडाशी पाणी साचण्याची जागा. ओरत्तनाडुच्या गाडीत टप मध्यभागी खोल बसला होता, डाव्या मागच्या दारात मुंग्यांनी वारूळ केलं होतं, वायरिंग उंदरांनी संपवलं होतं. पण दाराखालच्या पट्ट्यांवर चुंबक चिकटलं, दोन्ही बाजूंना. तिथेच मी ठरवलं. टप दिसायला भयंकर, दुरुस्तीला सोपा. आरोळी ठोकणारं पोर असतं तसा. भीती गप्प गंजाची.

मग कागद. वारस दाखला, अर्ज क्रमांक ३१, तंजावरच्या आरटीओची एनओसी, चेसिस नंबरवर पेन्सिल घासून घेतलेला ठसा. नव्वदच्या सुमारास मी कागदांशिवाय एक डॉज घेतली होती, एका दलालाच्या शब्दावर. ती आज कोंबड्यांचं घर आहे. चांगलं घर आहे. तेव्हापासून कागद आधी, पैसे नंतर.

इथे कायद्याबद्दल एक कटकट करून घेतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम केले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, अंग-इंजिन न बदललेली गाडी, 'व्हीए' मालिकेची पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. ठीक. पण पहिली काँटेसा १९८४ ची. तिला व्हिंटेज व्हायला २०३४ उजाडेल. तोवर ती कायद्याच्या लेखी नुसती म्हातारी: दर पाच वर्षांनी पासिंग, हरित कर, आणि एप्रिल २०२२ पासून नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० रुपये, वीस वर्षांवरच्यांना आता त्याच्या दुप्पट. तीस ते पन्नास हे वय गाडीसाठी सगळ्यात धोक्याचं. जुनी म्हणून नकोशी, प्राचीन म्हणून अजून हवीशी नाही. आपल्या बहुतेक गाड्या याच वयात भंगारात गेल्या.

ट्रक मिळेपर्यंत चार दिवस होते. रायरांनी मुक्तांबाळ छत्र दाखवलं. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०२ मध्ये बांधलेलं. मुक्तांबाळ ही त्यांची आवडती, आणि मरताना तिनं आपल्या नावानं छत्र घाला एवढंच मागितलं, असं सांगतात. काशी-रामेश्वर करणाऱ्या वाटसरूंना इथे जेवण मिळे. दर्शनी जोत्याला रथाचा आकार, दगडी चाकं, ओढायला घोडे आणि हत्ती. भिंतींत पिंपळ, लाकूड वाळवीनं खाल्लेलं. मी सवयीनं खांबाच्या बुडाशी टिचकी मारून पाहिली. रायर हसले. म्हणाले, याच्यावर चुंबक चालत नाही.

त्याच मुक्कामात स्वामीमलैला गेलो. गाडीच्या दारांच्या दोन मुठी तुटल्या होत्या. मूळ मूठ जस्ताच्या भेसळीच्या ओतीव धातूची, ती जोडता येत नाही. स्वामीमलैचे स्थपती मेणाचा साचा करून पंचधातूच्या मूर्ती ओततात, चोळांच्या काळापासून. एका म्हाताऱ्या ओतकाऱ्यासमोर मी धड राहिलेली मूठ ठेवली. त्यांनी ती मूर्तीसारखी दोन्ही हातांनी उचलली, उलटीपालटी केली, आणि मुलाला काहीतरी सांगितलं. रायरांनी भाषांतर केलं: "म्हणतात, याचा नाक-डोळा सोपा आहे." आठवड्यानं पितळी मुठी कुरियरनं आल्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रोम चढवला. मूळच्यांपेक्षा जड आहेत. दार लावलं की आवाज येतो तो बँकेच्या तिजोरीचा.

इंजिनाचं थोडक्यात. जाम होतं. प्लग काढून चारी भोकांत डिझेल आणि ऑइल सोडलं, रोज संध्याकाळी पुलीला पाना लावून हातानं जोर द्यायचा, जबरदस्ती नाही. सेल्फ मारणारे इथे इंजिन गमावतात. नवव्या दिवशी केसभर हललं. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. रिंग-पिस्टन नाना पेठेतून, ब्रेकचे रबर सगळे नवे. कंटाळवाणं काम, कोणालाही जमेल.

टप मात्र कोणालाही जमत नाही. माझा डेंटर ऐकू न येणारा होता; हातोडीचा आवाज नाही, पत्र्याची थरथर बोटांना कळे त्याला. आतून लाकडी ठोकळा, बाहेरून हलकी टिकटिक, मध्ये गॅसनं तापवून ओल्या फडक्यानं आवळायचं. सतरा दिवस. शेवटी लांबीचा थर नखाएवढा. टपाला तिरकं उन्ह पडलं की सरळ रेषा दिसते, वाकत नाही. २०२१ मध्ये तो गेला. त्याचा मुलगा शोरूममध्ये विम्याच्या गाड्यांची दारं बदलतो. ठोकत नाही, बदलतो. आता जिथे गाडी देतो तिथे विचारतात, रॅप करायचं का? म्हणजे प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा. आत काय आहे ते कोण बघतो.

भाव चढलेत, हेही सांगून टाकतो. ज्या गाडीला भंगारवाला किलोनं मोजायचा तिच्यासमोर आता फोटोसाठी रांग लागते, आणि विकणारा दार उघडायच्या आधी सिनेमाचं नाव सांगतो. घेणारा चावी फिरवून बघतो, सुरू झाली की खूश. खाली वाकत कोणी नाही. गुडघे माझे दुखतात, त्यांचे नाही, तरी.

गेल्या पाडव्याला रायर पुण्याला आले होते. त्यांना घेऊन कात्रजपर्यंत गेलो, दुसऱ्या गिअरमध्ये, सगळ्यांना पुढे जाऊ देत. बोगद्यापाशी त्यांनी मूठ फिरवून पाहिली आणि स्वामीमलैच्या ओतकाऱ्याला फोन लावून तो खटका ऐकवला, तीनदा.

मागच्या डाव्या दाराच्या काचेची बिडिंग अजून मिळालेली नाही. पावसात तेवढी सीट ओली होते. कोणाच्या माळ्यावर पडली असेल तर संपादकांमार्फत कळवावं. जुनी चालेल, कडक झालेली नको.