राखीव जागा आणि आपली घरे

महोत्सवी अंकात हा विषय कशाला, असे काही सभासदांना वाटेल. परंतु गौलीगुड्यातील आपल्या घरांतून तो वारंवार निघतो आणि बहुधा एकाच सुरात निघतो : गुण आमच्या मुलाला, नोकरी दुसऱ्याला. मुलाची निराशा खरी असते. तिची थट्टा करावयाची नाही. मात्र हिशोब पुरा मांडावयास हवा.

आधी वडीलधाऱ्यांची नोंद घेऊ. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीत मुल्की, म्हणजे इथल्या रहिवाशाला, प्राधान्य असे. १९१९ च्या फर्मानाने त्याचे नियम पक्के झाले. जन्माने किंवा दीर्घ वास्तव्याने माणूस मुल्की ठरे. पत्नी पतीमुळे ठरे. बाहेरचा उमेदवार अधिक शिकलेला असला तरी जागा आधी मुल्कीची. त्या वेळी आपल्या घरांत गुणवत्तेची चिंता कोणी केल्याचे ऐकिवात नाही!

कोल्हापुरात १८९४ साली सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. या साठ जागा कोणत्याही हुकुमाने राखलेल्या नव्हत्या, म्हणून त्या राखीव आहेत हे कोणाच्या ध्यानी आले नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना दिल्या, आणि ओरड मात्र त्या हुकुमाची झाली.

आता मुलींचे पाहू. १९८४ साली आंध्र प्रदेश सरकारने नियम केला की, स्त्री-पुरुष दोघांनाही सारख्याच योग्य अशा नोकऱ्यांत, इतर बाबी समान असता, किमान ३० टक्के जागांपर्यंत स्त्रियांना पसंती द्यावी. ही पसंती अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गांच्या कोट्यात होती, तशीच खुल्या गटातही होती. म्हणजे खुल्या दहा जागा निघाल्या तर तीन मुलींच्या. उच्च न्यायालयाने नियम रद्द ठरविला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, घटनेच्या १५ (३) कलमाचा आधार घेऊन, तो उचलून धरला.

ज्या घरांचे नाव कोणत्याही यादीत नाही, त्या घरांतील मुलीही या नियमाने कचेरीत गेल्या. त्यांनी उत्तम काम केले. पण त्यांचा पगार आपल्याच घरात येतो, म्हणून ती आपल्या मुलीची हुशारी; शेजारच्या वस्तीतील मुलगी लागली की ती सवलत! मुलगी घरी चूल सांभाळी तेव्हा भावाला स्पर्धक निम्मेच होते, हेही कोणी मोजत नाही.

आणखी एक नोंद अगदी अलीकडची. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने, इतर आरक्षणात न मोडणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी १० टक्क्यांपर्यंत जागा राखण्याची सोय झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०२२ मध्ये कायम केली. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो काढण्यासाठी मीसेवा केंद्राच्या रांगेत आता आपलीही मंडळी उभी असतात.