अभ्यासाची सुट्टी कोणाची?

मार्च महिना उजाडला म्हणजे निपाणीकडील घरांत कामाची झुंबड उडालेली असते. शेतातून निघालेला तंबाखू वखारीकडे चाललेला असतो, उसाच्या शेवटच्या तोडी उरकावयाच्या असतात, गुरांसाठी वाडे आणावयाचे असते. नेमक्या याच दिवसांत दहावीचा विद्यार्थी घरी येऊन सांगतो की, परीक्षेपर्यंत आता अभ्यासाची सुट्टी आहे. आई म्हणते, "बरे झाले बाबा, हाताखाली एक माणूस आले." त्या माउलीच्या मनात वाईट हेतू मुळीच नसतो. परंतु सुट्टीचा घात होतो तो येथेच.

ही सुट्टी दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीसारखी नव्हे. अभ्यासक्रम संपलेला असतो, पूर्वतयारीची परीक्षा होऊन गेलेली असते. आता शिकविलेले स्वतः उलटून पाहावे, न सुटलेली गणिते पुन्हा सोडवावीत, याकरिता शाळेने आपले तास विद्यार्थ्याच्या स्वाधीन केलेले असतात. ते तास शाळेचेच होत. मुलगा वर्गात बसलेला असता भर दुपारी त्याला वैरण आणावयास कोणी बोलावून नेत नाही; मग तो घरी पुस्तक घेऊन बसला असता का न्यावे?

मुलगे निदान पुस्तक घेऊन झाडाखाली तरी पळतात. मुलींना ती सोय नाही. भाकरी, पाणी, धाकटी भावंडे हे तर तिच्याकडे आहेच. शिवाय जेथे घरोघर विड्या वळल्या जातात तेथे पाने कातरावयास तिलाच बसवितात. "पुस्तक समोर ठेव आणि हात चालू दे," असे तिला सांगण्यात येते. हात चालू असता भूमितीचे प्रमेय डोक्यात शिरत नाही, हे सांगावयास विद्वान लागत नाही. मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि दोन हात कमी झाले की आठवड्याच्या हिशेबात खळगा पडतो, हे आम्ही जाणतो. गरिबीला उपदेश करणे सोपे असते. म्हणून आम्ही एवढेच मागतो की, हा खळगा सर्व घराने वाटून घ्यावा. तो एकट्या मुलीच्या दहावीतून भरून काढू नये.

पूर्वी पुष्कळ पालकांच्या मनात एक चोरटा भरवसा असे की, केंद्रावर कोणीतरी सांभाळून घेईल. तो आता ठेवण्यात अर्थ नाही. २०२४ पासून कर्नाटकात परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे बसविण्यात आले आणि दुरून त्यांवर नजर ठेवण्याची व्यवस्था झाली. २०२३ साली राज्यात शेकडा ८३.८९ विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते. २०२४ च्या पहिल्या परीक्षेत वाढीव कृपागुण देऊनही तो आकडा ७३.४० वर आला. आम्हांस त्याचा फारसा खेद वाटत नाही. मात्र जे काही यावयाचे ते आता घरच्या अभ्यासातूनच येणार, हे ध्यानी घ्यावयास हवे.

घरचा अभ्यास म्हटला की मोबाईल आणि दूरदर्शन संच आडवे येतात. यावर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या खेड्याने एक साधा उपाय काढला. करोनाच्या काळात मुलांच्या हाती आलेला मोबाईल सुटेना, तेव्हा २०२२ साली गावाने ठरविले की, रोज सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजावा आणि ८॥ वाजेपर्यंत घरोघर दोन्ही यंत्रे बंद राहावीत. बंद करावयाची ती मुलांनीच नव्हे, मोठ्यांनीही. खरी मेख तेथेच आहे! आमच्या खेड्यांत चर्चची घंटा सायंकाळी वाजतेच. तिच्याकडून हे जादा काम करून घेण्यास हरकत कोणती?

सीमाभागातील मराठी शाळेच्या मुलांस आणखी एक ओझे वाहावे लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चालत आलेल्या वादात आम्ही येथे शिरत नाही. वाद मिटेपर्यंत प्रश्नपत्रिका थांबत नाही, एवढे खरे. मुलाला कानडीचा पेपर द्यावाच लागतो, आणि बाजारात तोंडी येणारी कानडी उत्तरपत्रिकेत पुरत नाही. अशा वेळी गल्लीतील कानडी शाळेत शिकलेल्या एखाद्या ताईकडे वा अण्णाकडे मुलाला रोज अर्धा तास पाठवावे. शेजारी नाही म्हणत नाहीत. आपणच विचारावयास लाजतो.

परीक्षा बहुधा प्रायश्चित्तकाळाच्या आसपास येते. २०२४ साली ती २५ मार्च ते ६ एप्रिल अशी होती. २९ तारखेला शुभ शुक्रवार आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा पेपर! अशा वर्षी क्रुसाची वाट करून आलेल्या मुलाने रात्री विज्ञानाचे पुस्तक उघडले, तर आजीने त्याला टोकू नये. गायनाचा सराव, चर्चची झाडलोट यांतूनही दहावीच्या मुलांना वगळावे. हे आम्हा पुरोहितांनाही लागू आहे.

एखादा विषय राहिलाच, तर त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देण्याची सोय आहे. २०२४ ची दुसरी परीक्षा जूनमध्ये झाली, म्हणजे तयारी आली मे महिन्यात. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले, दारात लग्नाचे मांडव, आणि नापास मुलाच्या वाट्याला टोमणे. त्या महिन्यात अभ्यासाची सुट्टी शाळा देत नाही. ती घरानेच द्यावी लागते.