पहिल्या पुस्तकाचा अर्ज

मराठीत पहिले पुस्तक लिहिणाऱ्याची अडचण प्रतिभेची असते तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, भांडवलाची असते. कारण ज्याच्या नावाला बाजारात अद्याप पत नाही, त्याच्या हस्तलिखितावर कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च करण्यास प्रकाशक धजत नाही, आणि यात त्या व्यावसायिकाला फारसा दोषही देता येत नाही. कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ साली वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून प्रसिद्ध केली आणि लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८० साली ‘ग्रंथाली’च्या वाचक चळवळीचा आधार लाभला, हे खरे, परंतु खांडेकर प्रत्येकाच्या नशिबी नसतात.

अशांसाठी सरकारदरबारी एक वाट आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर सात महिन्यांच्या आत, १९ नोव्हेंबर १९६० रोजी, यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत साहित्य आणि संस्कृती मंडळ अस्तित्वात आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते आणि मराठी विश्वकोशाच्या प्रचंड कार्याचा आरंभही याच मंडळाने केला. अशा भारदस्त संस्थेच्या दफ्तरात ‘नवलेखक अनुदान योजना’ नावाचे एक लहानसे खाते असावे, ही मला तिच्या थोरवीचीच खूण वाटते.

ज्याचे एकही पुस्तक पूर्वी प्रसिद्ध झालेले नाही, त्याने कविता, कथा, कादंबरी, नाटक यांसारख्या प्रकारातील आपले हस्तलिखित, साधारणतः जानेवारीत निघणाऱ्या निवेदनानुसार, विहित नमुन्यातील अर्जासह सादर करावयाचे. तज्ज्ञांनी त्याची छाननी करावयाची. आणि ते पसंतीस उतरल्यास प्रकाशनास अनुदान मंजूर व्हावयाचे, असा हा शिरस्ता आहे. मंजुरीस विलंब लागतो, हा सरकारी कामाचा स्वभावच होय. तथापि माझ्या मते येथे रकमेपेक्षा छाननी मोलाची आहे. आप्तेष्टांच्या कौतुकावर पोसलेल्या लेखनाकडे कोणी परका, जाणता माणूस प्रथमच निर्विकार दृष्टीने पाहतो, आणि ही संधी स्वतःच्या खिशातून पैसे भरून पुस्तक काढणाऱ्यास सहसा लाभत नाही. (पुस्तकातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, ही मंडळाची ठरावीक तळटीप मात्र प्रेमकवितांच्या संग्रहावरही छापली जाते, याची गंमत वाटते.)

मंजुरीनंतरही दक्षता हवीच. प्रकाशकाशी करारनामा लेखी करावा आणि १९५७ च्या कायद्याने लेखकास दिलेला, त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकणारा स्वामित्वहक्क न वाचता कोणाच्या नावे करून देऊ नये. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्याकरिता कोणी दाम मागितल्यास ते देऊ नयेत. आणि अर्ज रवाना करण्यापूर्वी हस्तलिखिताची एक स्वच्छ प्रत आपल्या घरी जरूर ठेवावी.