इम्प्लांट हाडापेक्षा ताठ का नको?

खुब्याचं इम्प्लांट जितकं ताठ तितकं चांगलं, असं वाटत असेल तर आधी दोन आकडे बघा. नेहमी वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम मिश्रधातूचा ताठपणा साधारण ११० गिगापास्कल असतो, तर हाडाच्या कठीण बाह्य थराचा १५ ते २० च्या आसपास. दोघं शेजारी बसवले की बहुतेक भार धातूच उचलतो. आणि ज्या हाडावर भार येत नाही ते विरळ होत जातं. ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम हाच. मग इम्प्लांट सैल होऊ शकतं आणि पेशंटवर दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येते. याला स्ट्रेस शील्डिंग म्हणतात.

इथे थ्रीडी प्रिंटिंग कामाला येतं. धातूच्या पावडरीचे काही दशक मायक्रॉन जाडीचे थर एकावर एक पसरून लेझरने वितळवायचे. यामुळे भरीव ठोकळ्याऐवजी जाळी छापता येते. गिब्सन-अ‍ॅशबी यांच्या ढोबळ सूत्रानुसार ताठपणा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. जाळीत धातू ४०% ठेवला तर ०.४ × ०.४ × ११० = १७.६. म्हणजे थेट हाडाच्या पट्ट्यात! शिवाय छिद्रांमध्ये हाड वाढतं आणि सिमेंटशिवाय पकड मिळते.

मग प्रश्न सुटला का? नाही, आणि संशोधन इथूनच सुरू होतं. खुब्याच्या चाचण्यांत वर्षाला सुमारे १० लाख पावलं धरतात आणि चालताना खुब्यावर वजनाच्या साधारण अडीच पट बल येतं. जाळीच्या बारीक काड्यांवर अर्धवट वितळलेले कण चिकटलेले असतात. तिथे ताण एकवटतो आणि तडा सुरू होतो. हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगने आतल्या बंद पोकळ्या मिटतात, पण पृष्ठभाग खडबडीतच राहतो. अ‍ॅसिडने एचिंग केलं तर कण निघतात, पण काड्याही बारीक होतात. म्हणजे डिझाइनमधले ४०% आता ४०% राहिलेच नाहीत.

म्हणून या विषयावरचा पेपर हातात आला की तीन गोष्टी शोधा. घनता डिझाइनची दिली आहे की छापलेल्या नमुन्याची मोजलेली? चाचणी एकदाच दाबून केली आहे की लाखो वेळा भार देऊन? आणि पृष्ठभागावर नेमकी काय प्रक्रिया केली? यातलं एखादं उत्तर पेपरात सापडलं नाही, तर ते वहीत लिहून ठेवा. तुमच्या पीएचडीचा प्रश्न कदाचित तोच असेल.