गोव्याचा रस्ता पळस्प्याच्या पुढे का रखडला?

न्हावा शेव्याचे कंटेनर आणि ईदला गावी निघालेली आपली कुटुंबं पळस्पे फाट्यावर एकत्र येतात. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. त्याचा रस्ता इथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. पुढे महाड, खेड, चिपळूण, गोवा आणि थेट कन्याकुमारी. जुना क्रमांक १७, आता ६६.

पळस्पे ते इंदापूर (पुण्याकडचं नव्हे, आपलं रायगडातलं) या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. जमिनीचे मोबदले, कर्नाळा अभयारण्याची परवानगी, ठेकेदाराकडची पैशाची चणचण, एकेक गोष्ट अडत गेली. खड्डे आणि डायव्हर्जन तेवढे वर्षानुवर्षं राहिले.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस प्रवाशांसकट वाहून गेल्या. तिथेच नवा पूल जून २०१७ मध्ये, वर्षभराच्या आत, खुला झाला. मनावर घेतलं की काम होतं, तर मग बाकीच्या रस्त्याचं काय, हे आम्ही विचारणारच.

जानेवारी २०२४ पासून शिवडीहून २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूने न्हावा शेव्याजवळ चिर्ल्याला उतरता येतं. गावाकडे जायला त्यापुढे रस्ता तोच: पेण, नागोठणे, माणगाव.